झुरिक ते व्हिएन्ना रात्रीच्या गाडीने : सासूबाई (७१) आणि नऊ वर्षांची लेक सोबत असताना जमेल का?

पायपीट (१२ जानेवारी, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात चौघं युरोपला निघालो आहोत. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. टूरबरोबर नाही, आपलं आपण. सहा रात्री स्वित्झर्लंड, चार व्हिएन्ना, आणि व्हिएन्नाहूनच परतीचं विमान. गाडं अडलंय मधल्या प्रवासापाशी. झुरिकहून रात्री पावणेदहाच्या सुमारास नाइटजेट, म्हणजे ऑस्ट्रियन रेल्वेची रात्रगाडी, सुटते आणि सकाळी आठच्या आसपास व्हिएन्नाला पोचते. नवऱ्याने कॅल्क्युलेटर काढून 'हॉटेलची एक रात्र वाचते' असं जाहीर केलंय.

गंमत म्हणजे सासूबाईंची काहीच तक्रार नाही. त्यांचं माहेर चिपळूणचं. "ठाण्याहून कोकणकन्येने रात्रीच तर जायचे मी. त्यात काय एवढं?" असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. घाबरलेली मी आहे. त्यांचे गुडघे दुखतात, वरच्या बर्थवर चढणं शक्य नाही, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. परक्या माणसांबरोबर एकाच कंपार्टमेंटमध्ये झोपायचं का? मध्यरात्री पासपोर्टवाले येऊन उठवतात का? सामान कुठे ठेवायचं? खायला काय मिळतं? आणि हॉटेलची रात्र खरंच वाचते का, की हा नवऱ्यांचा जागतिक गैरसमज आहे?

जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा.

---

तळेगावकर (१२ जानेवारी, रात्री ११:०५)

डोळे झाकून जा. विमान सव्वा-दीड तासाचं, पण विमानतळाला जा, रांगा लावा, पट्ट्यावर बॅगेची वाट बघा, परत शहरात या, यात अर्धा दिवस जातो. गाडी शहरातून शहरात. आणि बॅगेचं वजन कोणी करत नाही.

---

रुळावरचा (१३ जानेवारी, सकाळी ८:२०)

पायपीटताई, हा माझा आवडता विषय, तेव्हा जरा लांबण लावतो.

या गाड्यांत जागा तीन प्रकारच्या. बसायची खुर्ची, तिचा विचारही करू नका. मग कुशेट. आपल्याकडच्या फर्स्ट एसीचं सरकतं दार आणि आत थ्री एसीचे बर्थ, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. चार किंवा सहा बर्थ, आतून कडी. उशी, पातळ ब्लँकेट आणि चादर मिळते. संडास डब्याच्या टोकाला. तिसरा प्रकार स्लीपर. त्यात एक ते तीन जण, खरीखुरी गादी, आतच बेसिन, आणि वरच्या वर्गात आतच शॉवर-संडास. एकट्यादुकट्या बाईला हवं असेल तर फक्त बायकांचं कंपार्टमेंटही मागता येतं.

तुम्ही चौघं आहात हे नशीब समजा. चार बर्थचं अख्खं कुशेट घ्या. तिकीट काढताना खासगी कंपार्टमेंटचा पर्याय येतो. कडी लावली की घर. सासूबाई खाली, तुम्ही समोर खाली, बाप-लेक वर. लेक वरचा बर्थ सोडणार नाही हे मी आत्ताच लिहून देतो.

नव्या पिढीचे डबे डिसेंबर २०२३ पासून काही मार्गांवर धावू लागले. त्यांत एकट्या प्रवाशासाठी छोटे कप्पे आहेत, पोस्टातल्या टपालपेट्या मोठ्या केल्यासारखे. ते फोटो बघून तिकीट काढू नका. तुमच्या मार्गावर, तुमच्या तारखेला कुठला डबा आहे ते बघा.

आता हॉटेलची रात्र. अख्ख्या कुशेटचे पैसे साध्या हॉटेलच्या दोन खोल्यांच्या घरात जातात, कधी वर. त्यात तुम्ही सकाळी आठला पोचणार आणि खोली मिळणार दुपारी तीनला. वाचतो तो दिवस. यजमानांच्या कॅल्क्युलेटरमध्ये त्याचं बटण नसतं.

त्यामुळे रात्रीची गाडी ठरवताना मी आधी पैसे बघतच नाही. ती किती वाजता पोचते ते बघतो. पहाटे साडेचारला कुठल्या तरी फलाटावर उतरवणारी गाडी फुकट दिली तरी नको. दुसरं बघतो ते वाटेत उठवणार का. तुमच्या गाडीला दोन्हीकडे पूर्ण गुण आहेत.

---

अर्धा_कप (१३ जानेवारी, दुपारी २:१५)

व्हिएन्नात अकरा वर्षं राहते आहे, त्या अधिकाराने विरुद्ध मत नोंदवते. दिवसाच्या गाडीने या!

झुरिकहून दिवसाची रेलजेट पावणेआठ तासांच्या आसपास घेते. पहिल्या तासातच वालेनझे तळं, त्याच्या पलीकडे उभेच्या उभे कडे. मग आर्लबर्गचा घाट. १८८४ साली सुरू झालेला साडेदहा किलोमीटरचा बोगदा, त्याच्या पलीकडे दरीवरून जाणारा त्रिसाना पूल आणि पुलाला चिकटून किल्ला. बोरघाटात पावसाळ्यात दाराशी उभं राहायची सवय असलेल्या माणसाने हे झोपेत घालवू नये. रात्री पावणेदहाला मे महिन्यातसुद्धा काळोखच असतो. लेकीला खिडकी, सासूबाईंना पाय मोकळे करायला जागा, रात्री आपल्या गादीवर झोप.

रुळावरचा, तुमचा 'वाचलेला दिवस' म्हणजे हाच दिवस.

---

रुळावरचा (१३ जानेवारी, दुपारी ३:००)

मान्य. पहिल्यांदाच युरोप बघणाऱ्याला आर्लबर्ग दिवसाच दाखवावा, हे मी दोन वर्षांपूर्वी इथेच कुठेतरी लिहिलं होतं. माझंच वाक्य माझ्यावर फेकू नका. पण सहा दिवस स्वित्झर्लंडमध्ये डोंगर बघून झाल्यावर सातव्या दिवशी नऊ वर्षांच्या मुलीला आठ तास डोंगर दाखवून बघा एकदा.

---

मिरची_भजी (१३ जानेवारी, सायंकाळी ६:३०)

मुद्द्याचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. खाणं.

कुशेटच्या तिकिटात सकाळी दोन पाव, लोणी, जॅम आणि चहा किंवा कॉफी येते. स्लीपरवाल्यांना यादीवर खुणा करून सहा पदार्थ निवडता येतात. रात्रीचं जेवण आपलं आपण बघायचं. झुरिक स्टेशनच्या तळघरात दुकानांचं अख्खं गाव आहे. बाकी शहर रविवारी शटर ओढून बसलं तरी ते उघडं असतं. तिथून ब्रेड, चीज, फळं, दही घ्या. घरून थेपले, चटणी, चिक्की, चिवडा न्या. पण पेढे, बर्फी, तुपाची बरणी नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ घेऊन उतरायला तिथे बंदी आहे. माझ्या जावेने विमानतळावर अर्धा किलो कंदी पेढे स्वतःच्या हाताने टाकले. त्या पेढ्यांची आठवण घरात अजून निघते.

कंपार्टमेंट स्वतःचं असेल तर लसणीच्या चटणीचा डबा खुशाल उघडा. परके असतील तर जरा विचार करा.

---

पायपीट (१३ जानेवारी, रात्री ९:५०)

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धा_कप, तुमचं वाचून मन डळमळलं होतं. पण लेकीने मागून येऊन स्क्रीनवर 'वरचा बर्थ' हे दोनच शब्द वाचले आणि विषय संपवला.

पासपोर्टचं कोणी सांगेल का? आणि व्हिसाच्या अर्जात त्या रात्रीचं हॉटेल काय दाखवायचं? एजंट म्हणतो रोजच्या रात्रीचं बुकिंग लागतं.

---

जास्वंद (१४ जानेवारी, सकाळी ११:१०)

व्हिसाचं सांगते, नुकतीच यातून गेले आहे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा. तुमच्या सहा रात्री स्वित्झर्लंडच्या, म्हणून अर्ज स्विसकडे. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मी. रात्र गाडीत असेल तर हॉटेलच्या जागी गाडीचं तिकीट जोडायचं आणि अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ लिहायची: अमुक तारखेची रात्र रेल्वेत. माझ्या वेळी कोणी काही विचारलं नाही.

खरी मेख पुढे आहे. या गाड्यांची तिकिटं विमानासारखी, जसजशी भरतात तसतशी महाग होतात. आणि सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे व्हिसा यायच्या आधी काढावं तर बुडायची भीती, आल्यावर काढावं तर चार बर्थ एकत्र मिळत नाहीत. आम्ही पैसे परत मिळणारं महाग तिकीट काढलं आणि रात्री शांत झोपलो.

---

घाटवाट (१४ जानेवारी, रात्री ८:००)

सीमेचं मी सांगतो. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया दोघंही शेंगेनमध्ये, त्यामुळे पासपोर्टवर शिक्का नाही आणि कोणी मुद्दाम उठवत नाही. मात्र स्वित्झर्लंड युरोपियन युनियनच्या जकात व्यवस्थेत नाही आणि पोलीसही अधूनमधून डब्यातून फेरी मारतात, म्हणून पासपोर्ट हाताशी ठेवा. काही गाड्यांत अटेंडंट रात्री तिकिटं आणि पासपोर्ट गोळा करतो, सकाळी परत देतो. दचकू नका.

शेंगेनच्या बाहेर जाणारी गाडी म्हणजे काय ते मी सोफिया–इस्तंबूलला भोगलं आहे. आधी बल्गेरियाच्या बाजूला पासपोर्ट, मग कापिकुलेला तुर्कस्तानची हद्द. रात्री दोनच्या सुमारास अख्खी गाडी सामानासकट फलाटावर उतरवली. पासपोर्टची रांग, मग प्रत्येक बॅग एक्स-रे यंत्रातून. थंडीत ब्लँकेट पांघरून उभी असलेली माणसं, त्यात एक आजोबा पायजम्यावर कोट घालून, आणि या सगळ्यांमधून ऐटीत फिरणारी एक मांजर. परत बर्थवर आलो तेव्हा झोप पार उडाली होती. सकाळी हलकलीला, म्हणजे इस्तंबूलच्या टोकाला, उतरून मारमाराय लोकल घ्यावी लागते. जुन्या ओरिएंट एक्सप्रेसचं सिरकेजी स्टेशन मग त्या लोकलने गाठायचं. मला विचाराल तर पुन्हा जाईन. सासूबाईंना नेणार नाही.

आणि सिंगल एंट्री व्हिसावर असे शेंगेनबाहेर पडलात तर परत आत येता येत नाही. दोन देशांची हौस करणाऱ्यांनी हे आधी बघावं. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून जमिनीच्या सीमेवरही शेंगेनमध्ये आले, त्यामुळे बुडापेस्ट–बुखारेस्टच्या रात्रगाडीतली जुनी झोपमोड बंद झाली.

---

सोनटक्का (१५ जानेवारी, सकाळी ७:४५)

युरोपपर्यंत कशाला जायचं? थायलंड–मलेशिया करा. आम्ही सिंगापूरचे मराठी लोक डिसेंबरच्या सुट्टीत हेच करतो.

बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्टेशनवरून दुपारी चारनंतर ४५ नंबरची गाडी सुटते आणि सकाळी आठच्या सुमारास मलेशियाच्या सीमेवरच्या पाडांग बेसारला पोचते. दिवसा समोरासमोर दोन खुर्च्या, संध्याकाळी अटेंडंट येऊन दोन मिनिटांत त्यांचा पलंग करतो, पांढरी चादर, उशी, पडदा. खालचा बर्थ रुंद आणि म्हणून जरा महाग. एसी मात्र असा की सासूबाईंना माकडटोपी लागेल. गाडीत दारूला २०१४ पासून बंदी आहे, हा माझ्या मते फायदाच.

एक खाचखळगा. गाडीचे बहुतेक डबे अलीकडच्या 'हात याई' या थाई स्टेशनातच सुटतात, जेमतेम दोन पुढे सीमेपर्यंत जातात. तिकीट पाडांग बेसारचंच काढलं तर बरोबर डब्यात बसता. तिथे सामान घेऊन उतरायचं, एकाच इमारतीत आधी थाई शिक्का, मग मलेशियाचा. घड्याळ एक तास पुढे. मग साधी लोकल पकडून बटरवर्थ, तिथून बोटीने पेनांग. दोन्ही देशांना आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो त्या त्या देशात पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरा.

---

तात्या_बाजूचे (१५ जानेवारी, दुपारी १२:३०)

(अवांतर) आपल्याकडेही देशाबाहेर जाणाऱ्या गाड्या होत्या हो. समझौता १९७६ ला सुरू झाली, २०१९ ला थांबली. कोलकाता–ढाका मैत्री २००८ च्या बंगाली नववर्षाला सुरू झाली, ती दिवसाची. न्यू जलपाईगुडी–ढाका मिताली २०२२ ची, ढाक्याहून ती रात्री निघायची. त्या दोन्हीही २०२४ च्या जुलैत बंद पडल्या. मितालीचं माझं ठरता ठरता राहिलं. अवांतराबद्दल क्षमस्व, चालू द्या.

---

वाटाड्या (१६ जानेवारी, रात्री १०:२०)

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून कडू घोट देतो. कंपनीचं नाव, मार्ग काही सांगत नाही, युरोपातलीच गाडी एवढंच. बायकोच्या पन्नाशीनिमित्त स्लीपरचं तिकीट काढलं होतं. फलाटावर गेलो तर आमचा डबाच नाही. बिघाडामुळे जोडला नाही, म्हणे. रात्रभर खुर्चीत बसून गेलो. समोरच्या तरुणाने बूट काढले होते, अधिक वर्णन करत नाही. फरकाचे पैसे मिळाले, दोन महिन्यांनी, सहा ईमेलनंतर.

यातून दोन गोष्टी शिकलो. उशीर झाला तर युरोपियन युनियनच्या नियमाने तिकिटाचे पैसे मागता येतात: एक तासाला पाव, दोन तासांना निम्मे. मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. आणि रात्रीच्या गाडीतून उतरून त्याच सकाळचं विमान कधीही ठरवू नये.

---

रुळावरचा (१६ जानेवारी, रात्री ११:००)

वाटाड्यांशी सहमत. डबे कमी आहेत, जुने आहेत, एक बिघडला तर बदली डबा हाताशी नसतो. २०१६ च्या डिसेंबरात जर्मन रेल्वेने आपल्या रात्रगाड्या बंद केल्या, ऑस्ट्रियन रेल्वेने त्यांतले ४२ स्लीपर डबे विकत घेऊन नाइटजेट सुरू केली. आज आपण ज्यावर चर्चा करतोय ते बरंचसं त्या खरेदीवर उभं आहे.

पायपीटताई, तुमच्या मार्गावरची एक गंमत सांगायची राहिली. तासा-सव्वातासाने बुख्स नावाचं स्टेशन येईल. तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलटी निघते. घाबरू नका, परत झुरिकला नेत नाहीत. त्यानंतरचे नऊएक किलोमीटर तुम्ही लिख्टेनश्टाइनमधून जाता. अख्खा देश १६० चौरस किलोमीटर, पुणे महापालिकेच्या हद्दीच्या निम्माही नाही. गाडी थांबत नाही. पुढे कुफस्टाइन ते साल्झबर्ग या मार्गावरच्या गाड्या साधारणपणे जर्मनीच्या कोपऱ्यातून काढतात. लेकीला सांगा, एका रात्रीत चार देश.

---

पायपीट (१७ जानेवारी, सकाळी ९:१५)

सांगितलं. आता ती वहीत चार झेंडे काढतेय. चार बर्थचं कुशेट, परतीच्या पैशांवालं तिकीट, चौघांचे मिळून ३५६ युरो. नवऱ्याने कॅल्क्युलेटर खिशात ठेवलाय.

---

पायपीट (२ जून, रात्री १०:३०)

आलो! धागा वर काढते, कारण इथे एवढं विचारून घेतल्यावर वृत्तांत न देणं हे पाप.

फलाटावर अर्धा तास आधी पोचलो. पाटीवर डब्याचा नंबर आणि फलाटाचं अक्षर दिसतं, त्या अक्षराखाली उभं राहायचं. हे चुकवू नका. एकाच गाडीत काही डबे पुढे बुडापेस्टचे होते आणि चार मोठ्या बॅगा घेऊन आतून डबे ओलांडणं म्हणजे गर्दीच्या वेळी डोंबिवलीला उतरण्यासारखं. बॅगांचं सांगायचं तर दोन खालच्या बर्थखाली गेल्या, एक दारावरच्या कोनाड्यात, चौथी रात्रभर मधल्या जागेत उभी होती आणि प्रत्येकाच्या नडगीला एकदा लागली. यापुढे दोनच बॅगा.

सासूबाईंनी आत शिरल्या शिरल्या पर्समधून साखळी आणि कुलूप काढलं. ठाण्याहून आणलं होतं, आम्हाला पत्ता नाही. बॅग शिडीच्या पायाला बांधून टाकली. अटेंडंट तिकीट बघायला आला, साखळीकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि हाताने कडी कशी लावायची ते दाखवलं. सासूबाईंनी त्याला शेंगदाण्याची चिक्की दिली. त्याने ती तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. मग सकाळी चहा हवा की कॉफी एवढं विचारून गेला.

मिरची_भजी, लसणीच्या चटणीचा डबा उघडला. पाच मिनिटांनी बाजूच्या कंपार्टमेंटचं दार बंद झाल्याचा आवाज आला. योगायोग असेल.

बुख्सला गाडी थांबली आणि उलटी निघाली. नवरा ताडकन उठून बसला, डोकं वरच्या छताला आपटलं. "अगं, परत चाललोय आपण!" हा धागा मी वाचला होता, त्याने नाही, त्यामुळे मी कूस बदलली. लेक मात्र लिख्टेनश्टाइनसाठी जागी होती. दिवा घालवून, खिडकीला कपाळ टेकून, वही मांडीवर. बाहेर काळोख. एक रेल्वे फाटक गेलं, लाल दिवे लुकलुकत, पलीकडे थांबलेली एकच मोटार, तिच्या आत मोबाइलच्या उजेडात एक चेहरा. मग घरांचे तुरळक दिवे. मग पुन्हा काळोख. थोड्या वेळाने फेल्डकिर्खची पाटी आली, म्हणजे ऑस्ट्रिया.

"संपला देश?" लेक.

"आमचं संगमेश्वर याहून जास्त वेळ टिकतं," खालून सासूबाई. त्या झोपल्या आहेत असं आम्हाला वाटत होतं.

जर्मनीचा झेंडा लेकीने सकाळी रंगवला. ती आर्लबर्गच्या आधीच आडवी झाली होती.

झोप. खरं सांगते, मला तुकड्या-तुकड्यांनी लागली. बर्थ थ्री एसीपेक्षा रुंद नाही, पहाटे कुठल्याशा स्टेशनात गाडी बराच वेळ उभी होती आणि मग एक सणसणीत धक्का बसला. नवऱ्याचे पाय बर्थच्या टोकाला टेकत होते. सगळ्यात छान झोपल्या सासूबाई. त्यांनी निजायच्या आधी दाराच्या बाहेरच्या मुठीला आपला निळा रुमाल बांधला. रात्री अंधाऱ्या बोळातून परत येताना सगळी दारं एकसारखी दिसतात म्हणून. मला हे सुचलंच नसतं. रात्री दोनदा गेल्या, दोनदा बरोबर दाराशी आल्या, कोणाला उठवलं नाही. मी उठले तेव्हा मात्र रुमाल न बघता शेजारचं दार ओढलं. आतून जर्मनमध्ये कोणीतरी काहीतरी म्हणालं. भाषा कळली नाही तरी भावना पोचल्या.

सकाळी दारावर टकटक झाली. दोन गोल पाव, कवच असं की टेबलावर वाजवला तर टणटण. सासूबाईंनी एक चावा घेऊन बघितला, मग शांतपणे तुकडे करून कॉफीत बुडवले. "आता बटरासारखा लागतो." बाहेर पिवळी-हिरवी शेतं, सोनेरी ऊन, आणि लेक केस विस्कटलेल्या अवस्थेत वरून उलटं डोकं काढून बघत होती. अर्धा_कप, आर्लबर्ग हुकला हे खरं. पण हे दृश्य रेलजेटमध्ये नसतं मिळालं.

वीस मिनिटं उशिरा पोचलो. वीस मिनिटांचे पैसे मिळत नाहीत, नवऱ्याने चौकशी केली. हॉटेलवाल्याने सामान ठेवून घेतलं, खोली तीनलाच मिळणार होती. स्टेशनजवळच्या बेल्वेदेरेच्या बागेत गेलो. तिथे लेक बाकावर आडवी झाली, तिच्या बाजूला नवरा बसल्या बसल्या, आणि दुपारचे बारा वाजेपर्यंत व्हिएन्ना मी आणि सासूबाईंनी दोघींनीच बघितली. तेव्हा 'वाचलेल्या दिवसा'चा हिशेबही जरा तपासून घ्या, रुळावरचा. अर्धा दिवस वाचतो. आंघोळ नसल्यामुळे तोही थोडा चिकट असतो.

पुन्हा जाऊ का? चौघं असू तर हो. बेसिनवालं स्लीपर परवडलं तर त्यातच. सासूबाई तर पुढच्या वेळी कुठली गाडी म्हणून आत्ताच विचारतायत. घाटवाट, त्यांना तुमची सोफियाची मांजर फार आवडली आहे. कृपया आणखी काही सांगू नका.

---

रुळावरचा (२ जून, रात्री ११:१०)

अर्धा दिवस. मान्य. दुरुस्ती करून ठेवतो.

---

अर्धा_कप (३ जून, दुपारी १:४०)

बेल्वेदेरेच्या बाकावर! माझं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर आहे. सांगितलं असतंत तर पोह्यांचा डबा घेऊन आले असते ना. आणि आंघोळीलाही घरी बोलावलं असतं.

---

मिरची_भजी (३ जून, सायंकाळी ७:००)

निळ्या रुमालाची कल्पना मी ढापली आहे, ऑगस्टमध्ये वापरणार. काकूंना नमस्कार सांगा. परत आणला ना तो रुमाल?

---

पायपीट (३ जून, रात्री ९:२५)

नाही ना. उतरायच्या घाईत मुठीलाच राहिला. फलाटावर लक्षात आलं तेव्हा डब्याची दारं बंद झाली होती. मी हळहळले, पण सासूबाईंनी डब्यावरची पाटी बघितली आणि म्हणाल्या, "असू दे. रात्री परत झुरिकला जाईल तो."